बर्लिन-वॉर्सा-क्राकोची अभ्याससहल : निघण्याआधीचे चार महिने कसे वापरायचे

इतिहासाच्या विद्यार्थ्यांची परदेशी अभ्याससहल ठरली की लगेच व्हॉट्सॲपवर ग्रुप निघतो, थंडीची जॅकेटं कुठे स्वस्त मिळतील यावर चर्चा रंगते आणि वाचन 'विमानात करू' म्हणून पुढे ढकललं जातं. विमानात कोणी वाचत नाही. मग बर्लिनच्या स्मारकात उभं राहून मोबाइलवर शोधाशोध सुरू होते आणि तोवर गाईड पुढच्या दालनात पोहोचलेला असतो. जाण्याआधीची हुरहूर, रात्री डोळा न लागणं, पुन्हा पुन्हा नकाशा उघडून बघणं हे सगळं चांगलंच आहे. पण त्या उत्सुकतेला वेळेवर कामाला लावलं नाही, तर ती खरेदीत आणि रील्स बघण्यात संपून जाते.

हा लेख महाराष्ट्रातून बर्लिन, वॉर्सा आणि क्राको अशा आठ-दहा दिवसांच्या सहलीला निघालेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी आहे. विषय नाझी राजवट, दुसरं महायुद्ध, ज्यूंचा संहार आणि नंतरचं विभागलेलं बर्लिन. यात क्रमाला फार महत्त्व आहे. प्रश्नावरून दिवसांची मांडणी ठरते, मांडणीवरून आरक्षणं ठरतात आणि कोणत्या देशाकडे व्हिसा मागायचा तेही रात्री मोजल्यावरच कळतं. बहुतेक गोंधळ हा क्रम उलटा धरल्याने होतात.

## टप्पा १ : वाचायच्या आधी एक पान लिहा (चार महिने आधी)

पुस्तक उघडण्याआधी कोऱ्या वहीत प्रत्येक ठिकाणासाठी एक पान काढा. वर ठिकाणाचं नाव लिहा आणि खाली लिहा : 'इथे मला काय दिसेल असं वाटतं?' इमारती, रंग, आकार, माणसं, आवाज, जे मनात येईल ते. कोणाला विचारू नका, शोधू नका. पानाची उजवी बाजू मोकळी ठेवा.

हा पोरकट उद्योग वाटेल, पण सगळ्या तयारीत मी याला पहिला नंबर देईन. आपल्या डोक्यात या जागांचं चित्र सिनेमांतून आणि फोटोंतून आधीच तयार झालेलं असतं. ते कागदावर उतरवलं नाही तर तिथे गेल्यावर आपण तेच चित्र बघून परत येतो. लिहिलेलं असलं की फरक टोचतो, आणि जिथे फरक टोचतो तिथेच अभ्यास सुरू होतो.

दोन उदाहरणं देतो. बहुतेक विद्यार्थी लिहितात की बर्लिनची भिंत म्हणजे देशाच्या मधोमध उभी असलेली एक सरळ रेघ. प्रत्यक्षात बर्लिन शहरच पूर्व जर्मनीच्या पोटात होतं आणि भिंतीने पश्चिम बर्लिनला चारी बाजूंनी वेढलं होतं. या वेढ्याची लांबी सुमारे १५५ किलोमीटर, त्यातली शहराच्या दोन भागांमधली सुमारे ४३. दुसरं, आउश्वित्झ ही नाझींची छावणी म्हणजे एकच जागा आहे असं जवळजवळ सगळेच धरून चालतात. बघायच्या जागा दोन आहेत. आउश्वित्झ-१ म्हणजे लाल विटांच्या इमारतींची जुनी वसाहत, आणि तिथून सुमारे तीन किलोमीटरवर बिर्केनाऊ, जिथे उघड्या माळावर नजर पोहोचेपर्यंत बराकींच्या चिमण्या उभ्या दिसतात.

पानं भरून झाली की त्यांतून एक प्रश्न निवडा. एकच. प्रश्न चांगला की वाईट हे ओळखायला सोपी कसोटी आहे : त्याचं उत्तर घरबसल्या मिळत असेल तर तो सहलीचा प्रश्न नव्हे. 'हिटलर सत्तेवर कसा आला?' याचं उत्तर ग्रंथालयात आहे. 'बर्लिनमधल्या तीन स्मारकांवर बळींची नावं लिहिली आहेत की नाहीत, आणि लिहिली असतील तर कशी?' याचं उत्तर मात्र पायाने चालून आणि डोळ्यांनी बघूनच मिळतं.

कोल्हापूर भागातल्या विद्यार्थ्यांकडे एक प्रश्न आयताच आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या पोलिश लोकांचं स्मारक आहे आणि वॉर्सातही माँटे कासिनो स्मारकाशेजारी वळिवडे-कोल्हापूर छावणीचा स्मृतिफलक आहे. निघण्याआधी एक दिवस काढून वळिवडे आणि महावीर उद्यान बघा, फलकावरचा मजकूर उतरवून घ्या आणि वॉर्सातल्या फलकाशी ताडून बघा.

> सावधान : वळिवड्यात आलेले पोलिश लोक नाझी छावण्यांतून सुटून आलेले नव्हते. सोव्हिएत संघाने त्यांना पूर्व पोलंडमधून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे हद्दपार केलं होतं आणि तिथून ते इराणमार्गे भारतात पोहोचले. पोलंडवर १ सप्टेंबर १९३९ला जर्मनीने आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत संघाने हल्ला केला. या दोन तारखा वेगळ्या लक्षात ठेवल्या नाहीत तर वॉर्सातलं निम्मं काहीच समजणार नाही.

## टप्पा २ : वार बघून दिवस मांडा

इथे सहल कंपनीवर विसंबू नका. कंपनी हॉटेल आणि बस यांच्या सोयीने दिवस लावते. तुम्ही संग्रहालयांच्या सुट्ट्या बघून लावा.

- सोमवार : बर्लिनमधली अनेक प्रदर्शनं बंद असतात. युरोपातल्या ज्यू बळींच्या स्मारकाखालचं माहिती केंद्र आणि बेर्नाउअर श्ट्रास या रस्त्यावरचं बर्लिनच्या भिंतीचं दस्तऐवज केंद्र दोन्ही बंद. उघड्यावरचा भाग मात्र बघता येतो. नाझींच्या दडपशाहीवरचं 'टोपोग्राफी ऑफ टेरर' हे दस्तऐवज केंद्र सोमवारीही उघडं असतं, ते त्या दिवशी ठेवा.
- मंगळवार : वॉर्सातलं पोलिश ज्यूंच्या इतिहासाचं पोलिन संग्रहालय आणि वॉर्सा उठावाचं संग्रहालय, दोन्ही बंद. म्हणजे सोमवारी बर्लिन सोडून मंगळवारचा एकच दिवस वॉर्साला दिलात, तर दोन्ही शहरांत दारं बंद मिळणार.
- शनिवार : क्राकोच्या काझिमिएश भागातलं रेमू सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आणि त्याचं कब्रस्तान साबाथमुळे, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसामुळे, पर्यटकांना बंद असतं.
- रविवार : जर्मनीत दुकानं बंद. पोलंडमध्येही बहुतेक रविवारी मोठी दुकानं उघडत नाहीत. पाणी आणि खाणं शनिवारीच घेऊन ठेवा.

आपल्या सहली बहुधा दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत निघतात, आणि नेमकं तेव्हाच पोलंडमध्ये सणवार असतात. १ नोव्हेंबरला तिथले लोक कुटुंबासह कब्रस्तानात दिवे लावायला जातात, ११ नोव्हेंबर हा त्यांचा स्वातंत्र्यदिन. मे महिन्यात १ आणि ३ तारखेला सुट्टी. जर्मनीत ३ ऑक्टोबर. १ नोव्हेंबरची संध्याकाळ मिळत असेल तर मुद्दाम ठेवा. संग्रहालय बंद असेल, पण लोक आपल्या मृतांची आठवण कशी काढतात हे बघायला मिळेल, आणि या विषयाच्या विद्यार्थ्याला त्याचं मोल मोठं आहे.

नोव्हेंबरात तिथे साडेचार-पाचपर्यंतच अंधार पडतो. उघड्यावरची ठिकाणं सकाळी घ्या, बंदिस्त दालनं दुपारनंतर.

> तपासा : प्रत्येक दिवसापुढे तारीख आणि वार दोन्ही लिहिले आहेत का? त्या ठिकाणच्या अधिकृत संकेतस्थळावरची वेळ तुमच्याच महिन्याची आहे ना? हिवाळ्याच्या आणि उन्हाळ्याच्या वेळा वेगळ्या असतात.

## टप्पा ३ : आउश्वित्झचं आरक्षण सगळ्यांत आधी

सहलीचे बाकीचे दिवस मागेपुढे करता येतात, हा एक येत नाही. आउश्वित्झ-बिर्केनाऊला प्रवेश मोफत असला तरी वेळ ठरवून प्रवेशपत्र घ्यावं लागतं. गटाने जाणाऱ्यांना संग्रहालयाचा अधिकृत मार्गदर्शक घ्यावाच लागतो आणि त्याचे पैसे पडतात. प्रवेशपत्रावर नाव असतं आणि दारात ओळखपत्र बघतात. आरक्षण फक्त अधिकृत संकेतस्थळावरून करा. 'रांग टाळा' म्हणत दुप्पट-तिप्पट पैसे घेणाऱ्या साइट्स शोधात आधी दिसतात.

क्राकोहून हे ठिकाण सुमारे ७० किलोमीटर, बसने जेमतेम दीड तास. बघायला किमान साडेतीन तास लागतात. म्हणजे पूर्ण दिवस हाच.

> सावधान : क्राकोमध्ये 'सकाळी आउश्वित्झ, दुपारी वीलिच्काची मिठाची खाण' असा एका दिवसाचा जोड कार्यक्रम सर्रास विकला जातो. तो घेऊ नका. खाण सुंदर आहे, तिला वेगळा दिवस द्या. सकाळी जे बघितलं त्यावर एक शब्दही न बोलता दुपारी शेकडो पायऱ्या उतरून मिठाची झुंबरं बघणं म्हणजे दोन्ही ठिकाणांवर पाणी सोडणं.

## टप्पा ४ : व्हिसा

आता रात्री मोजा. शेंगेन व्हिसा, म्हणजे जर्मनी-पोलंडसह युरोपातल्या अनेक देशांत चालणारा एकच व्हिसा, ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे मागायचा असतो. दोन्हीकडे सारखेच दिवस असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार त्या देशाकडे. बर्लिनला उतरतो म्हणून डोळे झाकून जर्मनीकडे अर्ज केला आणि राहण्याचे दिवस पोलंडमध्ये जास्त निघाले, तर अर्ज तिथेच अडतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी झालेला हवा. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण शंका आली तर ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतात. शिवाय सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळत नाही. तीन महिने आधी अर्ज हातावेगळा करायचा असं धरून चाला.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा.

एक सवलत बऱ्याच जणांना माहीत नसते. शिक्षणासाठी प्रवास करणारे विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक यांना शेंगेन व्हिसाचं शुल्क माफ आहे. एरवी ते ९० युरो असतं. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं, ते द्यावंच लागतं. सवलत हवी तर महाविद्यालयाच्या पत्रात ही अभ्याससहल आहे, ती कोणत्या विषयाची आहे आणि सोबत कोण शिक्षक आहेत हे स्पष्ट लिहून घ्या. नुसतं बोनाफाइड पुरत नाही.

आता आपल्याकडच्या दोन खास चुका.

पहिली नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि नावाच्या रकान्यात वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. कॉलेजच्या ओळखपत्रावर तिसराच क्रम. विमानाचं तिकीट, विमा, हॉटेल, आउश्वित्झचं प्रवेशपत्र सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच, त्याच स्पेलिंगने नाव घाला. गटाची यादी करणाऱ्याने नावं ऐकून टाइप करू नयेत. पासपोर्टचं पान समोर ठेवूनच करावीत.

दुसरी बँकेची. अर्जाच्या आठवडाभर आधी नातेवाइकांकडून घेऊन खात्यात एकरकमी मोठी रक्कम भरली की स्टेटमेंटमध्ये ती उठून दिसते. खर्च आईवडील करणार असतील तर त्यांचंच स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र आणि 'खर्च आम्ही करत आहोत' असं सहीचं पत्र द्या. ते सरळ आणि पुरेसं आहे.

> तपासा : व्हिसा हातात आला की त्यावरचं नाव, पासपोर्ट क्रमांक, तारखा आणि राहण्याचे दिवस त्याच मिनिटाला बघा. चूक असेल तर लगेच कळवा, विमानतळावर काही करता येत नाही.

## टप्पा ५ : वाचन, पण कालपटावरून

कागदपत्रांचा ताप संपला की दोन-अडीच महिने उरतात. सगळं वाचायचा प्रयत्न करू नका. आधी एका लांब कागदावर कालपट काढा आणि तो खोलीच्या भिंतीवर लावा. त्यावर एवढ्या तारखा तरी हव्यात : ३० जानेवारी १९३३, हिटलर चान्सलर. सप्टेंबर १९३५, ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेणारे न्युरेंबर्ग कायदे. ९-१० नोव्हेंबर १९३८, सिनेगॉग जाळले गेले ती रात्र. नोव्हेंबर १९४०, वॉर्साची ज्यू वस्ती भिंत घालून बंद. २२ जून १९४१, सोव्हिएत संघावर हल्ला. २० जानेवारी १९४२, वान्झेची बैठक. १९ एप्रिल १९४३, वॉर्साच्या ज्यू वस्तीचा उठाव. १ ऑगस्ट १९४४, वॉर्सा शहराचा उठाव. २७ जानेवारी १९४५, आउश्वित्झची मुक्तता. १३ ऑगस्ट १९६१, भिंतीची सुरुवात. ९ नोव्हेंबर १९८९, भिंत उघडली.

१९४३चा आणि १९४४चा उठाव यांची गल्लत ही या सहलीतली सगळ्यांत नेहमीची चूक. पहिला ज्यू वस्तीतल्या लोकांचा, दुसरा पोलिश भूमिगत सेनेचा, ६३ दिवस चाललेला. वॉर्सात दोघांची संग्रहालयं वेगळी आणि स्मारकंही वेगळी आहेत.

दुसरी गल्लत वान्झेची. बर्लिनमधल्या तळ्याकाठच्या त्या बंगल्यात पंधरा नाझी अधिकारी साधारण दीड तास बसले आणि 'तिथे संहाराचा निर्णय झाला' असं विद्यार्थी लिहून मोकळे होतात. सामूहिक हत्या १९४१मध्येच सुरू झाल्या होत्या. बैठक होती ती वेगवेगळ्या खात्यांनी कामाची वाटणी करून घेण्यासाठी. हे माहीत असलं की त्या नीटनेटक्या दालनात उभं राहताना भीती कशाची वाटायला हवी ते कळतं : फायलींची, सह्यांची, हुद्द्यांची.

तारखा झाल्या की नकाशा घ्या. मोठा नको, एका रस्त्याचा. बेर्नाउअर श्ट्रास घ्या. १९६१मध्ये तिथल्या घरांच्या भिंती म्हणजेच सरहद्द होती. घरं पूर्वेत, समोरचा फूटपाथ पश्चिमेत. लोकांनी खिडक्यांतून खाली उड्या घेतल्या. २२ ऑगस्ट १९६१ला इडा झीकमान ही बाई अशीच उडी घेताना मेली. पुढे खिडक्या विटांनी बुजवल्या, मग घरं पाडली, आणि मधल्या पट्ट्यात अडकून राहिलेलं चर्च १९८५मध्ये सुरुंग लावून उडवलं. आज त्या जागी मातीच्या भिंतींचं छोटं प्रार्थनागृह आहे आणि पाडलेल्या घरांच्या जागा जमिनीवर खुणा करून दाखवल्या आहेत. हा रस्ता वहीत हाताने काढा : घरं, फूटपाथ, चर्च, पहारा. ज्याने घरी हा नकाशा काढलेला असतो त्याला तिथलं मोकळं गवतही वाचता येतं. बाकीच्यांना ते साधं मैदान वाटतं.

> तपासा : कालपटाकडे न बघता छळछावणी आणि मृत्युछावणी यांतला फरक दोन वाक्यांत सांगता येतो का? बर्लिनजवळचं झाक्सेनहाउझेन आणि पोलंडमधलं ट्रेब्लिंका एकाच प्रकारचं नव्हतं, हे सांगता येत नसेल तर वाचन अपुरं आहे.

## टप्पा ६ : चिन्हं, बोलणं, वागणं

हा टप्पा सगळे गाळतात, आणि फजिती इथेच होते.

नवी बॅग आली की आपल्याकडे तिला कुंकू लावून स्वस्तिक काढतात. पासपोर्टच्या कव्हरवर, किल्ल्यांच्या जुडग्यात, गळ्यातल्या लोलकातही ते असतं. आपल्या मनात मंगलाशिवाय काही नसतं. पण जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६-अ नुसार नाझी संघटनांची चिन्हं जाहीरपणे वापरणं गुन्हा आहे, आणि समोरच्या माणसाला तुमचं कुंकू दिसत नाही, आकृती दिसते. त्या कायद्याचा रोख धार्मिक चिन्हावर नाही, हे खरं. तरीही ज्याच्या घरातली माणसं मारली गेली त्याच्यासमोर छावणीच्या दारात खुलासे करत बसण्याची वेळ आपण आणू नये. घरच्यांना आधीच समजावून सांगा, बॅगेची पूजा करा, स्वस्तिकाऐवजी हळदकुंकवाचं बोट लावा. लोलक घरी ठेवा.

गंमत म्हणून हात पुढे करून नाझी सलाम करत फोटो काढणं हाही जर्मनीत गुन्हाच आहे.

आणि बोलणं. आपल्याकडे कडक शिक्षकाला सहज 'हिटलर' म्हणतात, 'देशाला असाच माणूस पाहिजे' हेही ऐकू येतं. ग्रुपमधल्या कोणाच्याही तोंडात हे असेल तर त्यावर निघण्याआधी, वर्गात, मोकळेपणाने बोला. दटावून गप्प बसवू नका. तो असं का म्हणतो ते विचारा आणि टप्पा ५मधला कालपट पुढे ठेवा. तिथे बसमध्ये पोलिश गाईडसमोर हे वाक्य निघालं तर ते परत घेता येत नाही.

पोलंडमध्ये 'पोलिश छावण्या' म्हणू नका. छावण्या व्यापलेल्या पोलंडमध्ये होत्या, उभारल्या आणि चालवल्या जर्मन नाझींनी. जागतिक वारसा यादीतही २००७पासून आउश्वित्झची नोंद 'जर्मन नाझी' अशा स्पष्ट शब्दांत आहे.

बर्लिनच्या ज्यू बळींच्या स्मारकातल्या २,७११ काँक्रीटच्या ठोकळ्यांवर चढायचं नाही, एकावरून दुसऱ्यावर उड्या मारायच्या नाहीत. सिनेगॉगमध्ये आणि ज्यू कब्रस्तानात मुलांनी डोकं झाकायचं, त्यासाठी टोपी खिशात ठेवा.

## टप्पा ७ : आउश्वित्झच्या दिवसासाठी मन तयार करणं

आधी आकडे माहीत हवेत. किमान १३ लाख माणसांना तिथे आणलं गेलं, सुमारे ११ लाख मारली गेली, त्यांतली सुमारे १० लाख ज्यू होती. पोलिश लोक, रोमा (जिप्सी) लोक आणि सोव्हिएत युद्धकैदीही हजारोंनी मेले. हे आकडे तिथे पहिल्यांदा ऐकलेत तर कान बंद होतात आणि पुढचं काही शिरत नाही.

मग वस्तूंविषयी वाचा. पाचव्या क्रमांकाच्या इमारतीत काचेमागे सुटकेसींचा ढीग आहे. त्यांवर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत नावं लिहिलेली आहेत, कुठे जन्मतारीख, कुठे गावाचं नाव. सामान परत मिळणार आहे, त्यावर नाव घाला, असं सांगितलं गेलं होतं म्हणून लोकांनी ती लिहिली. हे ज्याला माहीत असतं तो त्या ढिगासमोर थांबतो आणि एक नाव पूर्ण वाचतो. ज्याला माहीत नसतं त्याला जुन्या बॅगा दिसतात.

व्यवहाराचं थोडं : कानात यंत्र लावून गाईडच्या मागे चालायचं असतं, वेग बराच असतो, थांबून टिपणं काढता येत नाहीत. पिशवीच्या आकारावर कडक मर्यादा आहे, वहीएवढी छोटी पिशवीच न्या. नाश्ता भरपेट करून जा. फोटो फ्लॅशशिवाय काढता येतात, पण चौथ्या इमारतीतलं मानवी केसांचं दालन आणि अकराव्या इमारतीचं तळघर इथे अजिबात नाही. मी तर सांगेन की पहिला तास मोबाइल खिशातच ठेवा.

कोणाला रडू येईल, कोणाला काहीच वाटणार नाही. काहीच न वाटलेला विद्यार्थी रात्री स्वतःलाच दोष देत बसतो, म्हणून त्याच्याशी आधी बोलून ठेवा की असंही होतं. एखाद्या दालनात जायचं नसेल तर बाहेर थांबायची मुभा असेल, सोबत कोण थांबेल, हे शिक्षकांशी आधीच ठरवा. त्या रात्री मेजवानी, खरेदी, नाचगाणं काही ठेवू नका. जेवणानंतर अर्धा तास सगळे एकत्र बसा. बोलायचं त्याने बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं.

## टप्पा ८ : वहीची शिस्त

टप्पा १मध्ये मोकळी ठेवलेली उजवी बाजू तिथे भरायची. त्याच दिवशी, झोपण्याआधी. 'छान होतं', 'अंगावर काटा आला' असली वाक्यं नकोत. काय बघितलं, किती अंतरावरून, फलकावर नेमकं काय लिहिलं होतं, काय लिहिलेलं नव्हतं.

फोटो काढताना आधी फलकाचा, मग वस्तूचा. उलट केलंत तर आठवड्याने पाचशे फोटोंत कोणता कुठला ते कळणार नाही. रोज रात्री फोटो तारखेच्या फोल्डरमध्ये टाका.

## टप्पा ९ : बॅग, पैसे, खाणं

यावर सगळे आधीच भरपूर बोलतात, म्हणून जे चुकतं तेवढंच.

जर्मनीत युरो, पोलंडमध्ये झ्लॉटी. सगळे पैसे युरोत नेऊ नका, आणि विमानतळावर बदलू नका. आपले दोन गोल पिनांचे चार्जर बहुधा बसतात, तीन पिनांचे बसत नाहीत. बूट नवे घेतलेत तर निघण्याआधी तीन आठवडे रोज घालून चाला.

तूप, पनीर, चीज असे दुधाचे पदार्थ आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात सामानातून नेता येत नाहीत. आईने भरलेली तुपाची बरणी घरीच काढा. चकली, कोरडी चटणी खुशाल न्या. शाकाहारी असाल तर पोलंडमध्ये बटाटा-चीजचे पिएरोगी (मोमोसारखा पदार्थ) पोटभर मिळतात, पण त्यांवर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालण्याची पद्धत आहे. मागवतानाच 'वरून काही नको' म्हणून सांगा.

बर्लिनच्या मेट्रोत फाटक नसतं. कागदी तिकिटावर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारला नाही तर तिकीट असूनही विनातिकीट धरतात. दंड ६० युरो.

## टप्पा १० : शेवटचा आठवडा

पासपोर्ट, व्हिसा, विमा आणि प्रवेशपत्रं यांच्या दोन-दोन छापील प्रती काढा, एक संच दुसऱ्या मित्राच्या बॅगेत ठेवा. बर्लिन-वॉर्सा रेल्वेत पासपोर्ट वरच्या खणात नको, अंगावर हवा. दोन्ही देश शेंगेनमध्ये असले तरी त्या सीमेवर तपासणी होऊ शकते.

शेंगेनमधल्याच दुसऱ्या शहरात विमान बदलून जाणार असाल तर इमिग्रेशन बर्लिनला होत नाही, शेंगेनमधल्या पहिल्या विमानतळावर होतं. ऑक्टोबर २०२५पासून तिथे बोटांचे ठसे आणि फोटो नोंदवण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे रांगा लांबतात. दोन विमानांमध्ये तीन तासांचं अंतर नसेल तर आताच कंपनीशी बोला.

दिवाळीच्या सहलीत ऑक्टोबरचा शेवटचा रविवार येत असेल तर त्या पहाटे तिकडची घड्याळं एक तास मागे जातात. मोबाइल आपोआप बदलेल, मनगटावरचं घड्याळ बदलणार नाही. त्यानंतर भारतातली वेळ साडेतीन नव्हे, साडेचार तास पुढे असते. रात्री आठला जेवण उरकून घरी फोन लावलात तर तिथे साडेबारा वाजलेले असतील आणि आईवडील दचकून उठतील. रोजचा फोन दुपारी ठरवून ठेवा. आउश्वित्झचा दिवस कोणता ते घरी आधीच सांगा आणि त्या दिवशी फोन येणार नाही, दुसऱ्या सकाळी येईल, हेही.